खपलीच्या दिवशी आलेलं पार्सल

इंगवल्यांच्या घरात खपलीचा दिवस हा दिवाळीच्याही वरचा सण. त्या दिवशी कुणी आजारी पडायचं नाही, रुसायचं नाही आणि खिरीला नको म्हणायचं नाही, असा दंडकच होता. दीपमालेनं त्यातला पहिला नियम दिवस उजाडतानाच मोडला.

हौदाच्या मागं ओणवी होऊन ती ओकत होती आणि वैजयंता, तिची आई, एका हातानं तिचं कपाळ धरून दुसऱ्या हातानं पाठ चोळत होती. पाठीचे मणके हाताला एकेक करून लागत होते. कालच पोर साताऱ्याहून आली तेव्हा गालांवर जरा तुकतुकी दिसली होती. तीन आठवडे मामाकडं राहून तिनं पोलीस भरतीचा सराव केला होता. एका रात्रीत ती तुकतुकी पार उतरली.

"काय खाल्लं हुतंस रातच्याला?"

"भाकरी. आनि आबांनी चाखायला दिल्याली खीर." दीपमालेनं चूळ भरली. "आई, आप्पांना सांगू नकोस. आज पावनं यायच्यात. त्यांच्या हातात आयतं कोलीत मिळंल."

सांगायची गरजच नव्हती. उत्तमराव टॉवेल खांद्यावर टाकून परड्याच्या दारात उभे होते.

"झालं का सुरू?" ते म्हणाले. "मामाच्यात बरी असती आनि घरात पाय ठेवला की हिला ओकाऱ्या. आज पावन्यांम्होरं नीट बसायचं. लोणंदचं स्थळ हाय, कांद्याची आडत हाय, पोरगा एकुलता हाय. भरतीचं खूळ आजपास्नं बंद."

"आप्पा, पावसाळा सरला की भरती येनार हाय."

"गेल्या साली बी आलीवती. काय दिवं लावलंस?"

गेल्या साली साताऱ्याच्या मैदानावर शेवटच्या वळणाला दीपमाला मटकन खाली बसली होती. घरात तिला कुणी आजारी म्हटलं नाही, नाजूक म्हटलं. पिढ्यान् पिढ्या फौजेत गेलेल्या या घरात नाजूक ही शिवीच. मग तिनं कुणाला न विचारता फोनवरून तपासणीचा एक डबा मागवला. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर सोडायचा आणि गहू आपल्या अंगाला सोसतो की नाही ते घरबसल्या बघायचं. पट्टीवर दोन लाल रेघा उमटल्या. म्हणजे सोसत नाही. सगळं घर खो खो हसलं. एकटी वैजयंता हसली नाही. तिनं पोरीला घेऊन तडक सांगली गाठली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रीतसर तपासण्या केल्या आणि डब्यानं खरंच सांगितलंय म्हणाल्या. गव्हाचा कणही पोटात जाता कामा नये, जन्मभर.

त्या दिवसापासून वैजयंतानं चपातीचा तवा वेगळा केला. रवा, मैदा, पाव, बिस्किटं पोरीच्या वाऱ्याला उभी राहू दिली नाहीत. सगळा हिवाळा गेला. पोर होती तशीच.

मग हसणाऱ्यांना जोर चढला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज शालूबाईचा. उत्तमरावांची ही थोरली बहीण नांदायला शिरवळजवळच्या खंडाळ्याला गेली होती आणि तीन वर्षांत परत आली ती कायमची. तेव्हापासून घरावर हुकूम तिचाच.

"फोनवर साड्या मागवाव्या, चपला मागवाव्या," ती म्हणायची. "रोग कशाला मागवायचा?"

आताही ती चुलीपुढं बसून मोठ्या पातेल्यात खीर ढवळत होती. नव्या खपलीच्या खिरीचा, गुळाचा आणि जायफळाचा वास सगळ्या वस्तीभर सुटला होता. वैजयंता पोरीला आत घेऊन आली तेव्हा शालूबाईनं नुसती मान वर केली, आणि नवल म्हणजे एक अक्षर बोलली नाही. वन्सं गप्प, म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं वैजयंताला कळलं. पण कढई तापली होती, भजी तळायची होती. विचार करायला बाईला सणाच्या दिवशी सवड कुठली?

*

सोप्यात दीपमालेचे आजोबा हंबीरराव आपल्या वडिलांचा फोटो पुसत बसले होते. स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झाले असले तरी या फोटोपुढं ते अजून रंगरूटच होते. थोरले हवालदार ब्रह्मदेशाच्या लढाईतून परतले तेव्हा आष्ट्याच्या बाजारात सख्ख्या भावानं त्यांना ओळखलं नव्हतं, इतके वाळले होते. त्यांच्या आईनं त्यांना पुढचे सहा महिने खपलीची खीर चारली आणि माणूस पुन्हा नांगर धरायला उभा राहिला. तेव्हापासून या घरात खपली हे धान्य उरलं नाही, औषध झालं. बाळंतिणीला खपली, तापकऱ्याला खपली, परीक्षेला बसणाऱ्या पोरालाही खपली. आणि दर वर्षी नवी खपली घरात आली की हवालदारांना नैवेद्य दाखवून एकाच पातेल्यातली खीर सगळ्यांनी खायची. ज्यानं नाही खाल्ली तो या घरचा नाही, असं थोरल्या हवालदारांचं म्हणणं होतं म्हणे.

"आबा," दीपमाला त्यांच्या पायाशी येऊन बसली. "एक मागू?"

"माग की जवान."

"आज सुपारी फुटू देऊ नका. लोणंदचा पोरगा वंगाळ हाय असं न्हाई. पन एकदा सुपारी फुटली की मला परत मैदानावर कोन जाऊ देनार हाय? मला एकदाच पळायचंय. परत खाली बसले तर मग तुमी म्हनाल तितं लगीन करते."

हंबीररावांनी फोटो खाली ठेवला. या नातीला त्यांनी स्वतः बांधावरून पळायला शिकवलं होतं. पण साताऱ्याच्या मैदानावर तिला खाली बसताना बघितलं होतं तेही त्यांनीच, आणि त्या दिवसापासून ते मनातून भ्याले होते. पोरगी पळता पळता मरून गेली तर?

"उत्तमचा संसार हाय बाळा," ते हळूच म्हणाले. "तुझी तब्येत असती तर मी बोललो असतो. कशाच्या जिवावर बोलू?" आणि त्यांनी शेजारची वाटी तिच्यापुढं सरकवली. "आदी हे खा. खपलीची लापशी हाय. मी सोता बसून केली."

हिवाळाभर रोज सकाळी ही वाटी त्यांनी आपल्या हातानं नातीला दिली होती. साताऱ्याला जाताना खपलीच्या पिठाचा डबाही बांधून दिला होता. डॉक्टरीणबाई गहू बंद करून जे साधतील त्यापेक्षा आपली खपली जास्त साधेल, असा त्यांचा ठाम विश्वास होता. त्यांना नाही म्हणणं दीपमालेला कधी जमलं नव्हतं. तिनं डोळे मिटून अर्धी वाटी गिळली.

*

लोणंदचे पाहुणे अकराच्या सुमाराला आले. आडतदार स्वभावानं मवाळ होते, त्यांची बायको रंगुबाई मात्र मुळीच मवाळ नव्हती. पोरगा बिचारा चपला कुठं काढाव्या याच्याच घोरात होता. पोहे झाले, चहा झाला, कांद्याच्या भावावर बोलणं झालं. दीपमाला पाटावर बसली. रंगुबाईनं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"लय किरकोळ हाय हो पोरगी."

"पळून पळून झालीया," उत्तमराव घाईनं म्हणाले. "आता पळनं बंद. खाऊन पिऊन महिन्यात भरंल बगा."

तेवढ्यात अंगणात मोटरसायकल थांबली आणि कुरिअरवाल्यानं हाक मारली, "दीपमाला इंगवले! पार्सल!"

दीपमालेच्या हिशेबानं हे पार्सल सोमवारी येणार होतं. ती उठायच्या आत रंगुबाईनंच हात पुढं केला, कारण दाराशी तीच बसली होती. वरचा कागद पावसापाण्यात आल्यासारखा फाटलेला होता आणि आतल्या खोक्यावरचं चित्र सगळ्यांना दिसत होतं. पांढरी पट्टी, तिच्यावर दोन लाल रेघा. खाली मोठ्या अक्षरांत, घरच्या घरी तपासणी.

रंगुबाईनं ते वाचलं. मग दीपमालेकडं बघितलं. मग तिच्या पोटाकडं बघितलं.

"आमच्या शेजारनीच्या सुनंनं असलीच पट्टी आनलीवती," ती सावकाश म्हणाली. "दोन रेघा आल्या तवा पेढं वाटलं त्यांनी. पन तिचं लगीन झालं हुतं."

उत्तमरावांचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आवं, तसं न्हाई हो ते," आडतदारांकडं बघत ते कसंबसं म्हणाले, आणि मग पोरीवर फिरले. "परत मागवलंस? एकदा हसू झालं ते पुरं झालं न्हाई व्हय? आज सकाळी ओकतीस काय, डबं मागवतीस काय! बोल! कशाला मागवलंस?"

"सकाळी ओकली व्हय?" रंगुबाई म्हणाली.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. आप्पा, हे माझं नाही, एवढं म्हणायचं आणि नाव घ्यायचं. पण पंधरवड्यापूर्वी साताऱ्याला फोन आला होता. कुजबुजता आवाज होता आणि आधी ओळखूच आला नव्हता. 'दीपे, तसला डबा मला एक मागीव. तुझ्याच नावावर मागीव. कुनाला बोलायचं न्हाई. आईची आन हाय तुला.' दीपमालेनं आईची आण घेतली होती. आता समोर लग्न मोडत होतं आणि सोबत अब्रूही जात होती. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"मला काय बी सांगायचं न्हाई," ती म्हणाली.

उत्तमरावांचा हात वर गेला.

"हात खाली घे उत्तम!" स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "ते पार्सल माझं हाय."

*

शालूबाई पदराला हात पुसत सोप्यात आली. पन्नाशी उलटलेल्या बाईनं, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं, पाहुण्यांच्या देखत असल्या खोक्याला माझं म्हणायचं? पण पोरगी आपल्यासाठी गप्प बसली होती आणि तिच्या गालावर हात पडणार होता. ते बघून शालूबाईला आपली लाजच वाटेनाशी झाली.

"येडी झालीस का अक्का?" उत्तमराव म्हणाले.

"झाले असंल. आन ते हिकडं." तिनं रंगुबाईच्या हातातून खोकं घेतलं. "बाई, ही तुमच्या शेजारनीची पट्टी न्हवं. गहू बादतो का न्हाई ते दावनारी हाय ही. दीपे, ऊठ. मला लावून दे. हितंच. सगळ्यांम्होरं."

"पावनं जेवल्यावर कर काय करायचं ते!"

"तीस वरसं जेवल्यावरच करत आले मी." शालूबाई खाली बसली. "पावन्यांनी बी ऐकावं. मला खंडाळ्याला दिलीवती. जेवले की पोट फुगायचं, जुलाब व्हायाचं. भांडी घासता घासता चक्कर यायची. दोनदा दिवस गेलं, दोनदा न्हाई टिकलं. सासू म्हनली, बाई नाटकी हाय, कामाच्या नावानं पोट दुकतंय. एक दिवस माझी ट्रंक वसरीवर काढून ठेवली. ही आजारी हाय का नाटकी हाय ते ठरवा आनि मग पाठवा, म्हनले. आपल्याकडं कुनी ठरवलंच न्हाई. मी आपली ऱ्हायले."

हंबीररावांनी मान खाली घातली. ती ट्रंक त्यांनीच उचलून आणली होती.

"दीपी हौदामागं ओकायची," शालूबाई म्हणाली, "तवा मला माझाच आवाज ऐकू यायचा. म्हनून राग यायचा मला. म्हनून हसले मी. आता टोच गं."

दीपमाला तिच्यापुढं बसली. खोक्यात दोन पट्ट्या निघाल्या, सुया निघाल्या, औषधाची इवलीशी बाटली निघाली. बोट दाबून पोरीनं सराईतासारखा थेंब काढला. थेंब पट्टीवरच्या खळग्यात सोडला, वरून औषधाचे थेंब टाकले.

"आता जरा थांबायचं," ती म्हणाली.

तो वेळ सगळ्यांनीच काढला, आपापल्या परीनं. आडतदार फोटोकडं बघत राहिले. पोरगा हळूहळू पुढं सरकत पट्टी दिसेल अशा जागी येऊन बसला. रंगुबाई तर केव्हाच उठून शालूबाईच्या डोक्यावर येऊन उभी राहिली होती. शालूबाई मात्र पट्टीकडं बघत नव्हती. रेघ एकच आली तर? मग खंडाळ्याची म्हातारी खरी. मग मी नाटकीच.

"आत्या," दीपमालेचा आवाज चिरकला. "आत्या, बग. दोन."

दोनच होत्या. लालभडक. शालूबाईनं पट्टी हातात घेतली, उजेडाला धरली, आणि भरल्या सोप्यात पाहुण्यांच्या देखत हंबरडा फोडला. ते रडणं दुःखाचं नव्हतं, हे रंगुबाईलासुद्धा कळलं. तिनं खाली वाकून शालूबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"थोतांड हाय!" उत्तमराव ओरडले. "आवं, जरा डोस्कं चालवा की! अक्का गहू खातीच कुटं? चपाती जड पडती म्हनून कितीतरी वरसं झाली तिनं चपातीला हात लावला न्हाई. भाकरी खाती, न्हाईतर खपली. आनि हा डबा म्हनतो गहू बादला! दीपीचं बी तेच. हिवाळाभर गहू बंद हाय, मग पोरगी हाय तशीच कशी? डबा खोटा हाय. दोन बी डबं खोटं हायत!"

बोलणं बिनतोड होतं. आडतदारांनी मान डोलावली. शालूबाईचं रडणं थांबलं आणि तिनं घाबरून पट्टीकडं बघितलं.

वैजयंता दारात झारा हातात धरून उभी होती. या घरात येऊन तिला पंचवीस वर्षं झाली होती आणि सोप्यात पुरुषमाणसांपुढं ती कधी बोलली नव्हती. भाकरी खाते, नाहीतर खपली. भाकरी आणि आबांनी दिलेली खीर. रोज सकाळची वाटी. साताऱ्याला तीन आठवडे बरी.

"दीपे," ती म्हणाली, "साताऱ्याला नेलेला खपलीच्या पिठाचा डबा?"

"तसाच माघारी आनलाय. मामीकडं करायला सवडच न्हाई झाली. आबांना वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई."

"आवं," वैजयंता नवऱ्याकडं वळली, "पुन्याच्या लोकांना आपन खपली इकतो, त्या पिशवीवर काय छापून घेतलंय?"

"काय म्हंजे? खपली गहू."

ते बोलले आणि थांबले.

"ते पुन्याच्या लोकांना कळावं म्हनून," ते चाचरत म्हणाले. "आपन कुटं तिला गहू म्हनतो? गहू म्हंजे गहू. खपली म्हंजे खपली."

"आपन न्हाई म्हनत," वैजयंता म्हणाली. "पोटाला काय कळतंय आपन काय म्हनतो ते? मी गव्हाचा तवा वेगळा केला, परात वेगळी केली, आनि खपलीची वाटी रोज माझ्या डोळ्यांम्होरं पोरीच्या पोटात जात हुती. मला दिसली न्हाई!"

सगळ्यांनी हंबीररावांकडं बघितलं. आष्ट्याच्या आसपास खपलीतलं त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

म्हातारा उठला. कोपऱ्यात नैवेद्यासाठी ठेवलेली खपलीची ओंबी त्यांनी उचलली, तळहातावर चोळली. जन्मभर त्यांनी हे केलं होतं. गव्हाच्या शेजारी पेरली होती, गव्हाबरोबर काढली होती, गव्हाच्याच मळणीयंत्रात घातली होती. कुणी कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. आता हो म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं, ते त्यांना नीट कळत होतं. लेकीला आणि नातीला आपणच आपल्या हातानं चारलं, असं म्हणायचं. फोटोतल्या हवालदारांच्या देखत म्हणायचं.

"गहूच हाय," ते म्हणाले. "जुना, सालपटाचा गहू. पन गहूच. डबा खरं बोलतोय. चूक माझी हाय."

"आबा," दीपमाला म्हणाली.

"गप. शालू, हिकडं बग. तू आजारी पडलीस की मी वाटी भरून आनायचो. तुला बरं वाटावं म्हनून गं. तीस वरसं." त्यांनी तळहातावरची ओंबी खाली ठेवली. "माझ्या वाटीनंच तुला अंथरुनाला धरून ठेवली."

"तुमी मायेनं दिलीसा आबा," शालूबाई म्हणाली. "त्यांनी शिव्या घालून चपाती दिली. दोन्ही बादलं, पन दोन्ही सारकं न्हाई." आणि मग एकदम तिच्यातली नेहमीची शालूबाई जागी झाली. "आता रडत बसू नका. नैवेद्याची येळ झालीया. पातेलंभर खीर केलीया मी मरमर मरून, ती कोन खानार?"

प्रश्न खरा होता. दंडक दंडकच होता. ज्यानं खिरीला नको म्हटलं तो या घरचा नाही.

हंबीरराव फोटोपुढं ताठ उभे राहिले. "आबासाहेब," ते थोरल्या हवालदारांना म्हणाले, आणि तो आवाज परेडच्या मैदानावरचा होता. "तुमास्नी खपलीनं जगवलं. तिला आमी कवाच इसरनार न्हाई. पन माज्या घरात दोन मान्सं हायत त्यास्नी ती मारती. हुकूम बदलावा लागतोय. वैजयंता! जोंधळ्याच्या कण्या हायत?"

"हायत मामंजी."

"गूळ घालून शिजीव. नव्या पातेल्यात, नव्या पळीनं. नैवेद्य कण्यांचा. घरची सगळी तेच खातील. मी पयला खानार. ही खपलीची खीर पावन्यांस्नी वाढा, शेजारपाजारी वाटा. उत्तम!"

"जी?" उत्तमराव सवयीनं ताठ झाले.

"पोरगी पळनार. सुपारीबिपारी तिचं पळून झाल्यावर. तुला जमत न्हसंल तर आत्ता बोल."

उत्तमरावांनी आधी बायकोकडं बघितलं, तिच्या हातातल्या झाऱ्याकडं बघितलं, मग बहिणीच्या मुठीतल्या पट्टीकडं. सगळ्यांत शेवटी पोरीकडं बघितलं. मघाशी उगारलेला हात त्यांनी आता कुठं ठेवावा ते न कळून खिशात घातला.

"तुला बोलता आलं असतं की गं," ते दीपमालेला म्हणाले. "अक्काचं हाय म्हनून. मी हात उचलला तरी गप बसलीस."

"आन घेतलीवती आप्पा."

"पोलिसात असलीच मान्सं लागत्यात," उत्तमराव म्हणाले आणि घसा खाकरून अंगणात निघून गेले. जाता जाता त्यांनी डोळे पुसलेले सगळ्यांनी बघितले आणि न बघितल्यासारखं केलं.

जेवणं झाली. आडतदारांनी खपलीची खीर तीनदा मागून घेतली. निघताना रंगुबाई शालूबाईला बाजूला घेऊन गेली. आवाज कितीही खाली घेतला तरी तिचा आवाज तो, सोप्यात सगळ्यांना ऐकू आला.

"दोन पट्ट्या हुत्या न्हवं त्यात? एक उरलीया. आमची थोरली लेक नांदायला दिलीया, तिला बी सासरची मान्सं अशीच नाटकी म्हनत्यात. द्या की मला. मागवायची कशी ते ही पोरगी सांगंल फोनवर." मग दीपमालेकडं वळून म्हणाली, "तू पळ बाई आदी. आमचा पोरगा कुटं पळून जात न्हाई."

*

पुढच्याच आठवड्यात सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी शालूबाईच्याही रीतसर तपासण्या केल्या आणि पट्टीवर शिक्कामोर्तब केलं. इंगवल्यांच्या चुलीवर भाकरीचं राज्य आलं. दीपमालेच्या गालांवर आधी रंग आला, मग मांस आलं, आणि पावसाळा सरता सरता तिची मनगटं अशी भरली की वैजयंताला तिच्या बांगड्या पुन्हा कासाराकडून भराव्या लागल्या. शालूबाईनं तर आयुष्यात पहिल्यांदा दुपारची झोप सोडली आणि सगळ्या घराच्या नाकी नऊ आणले.

भरतीच्या दिवशी साताऱ्याच्या मैदानाबाहेर, तारेच्या कुंपणाला धरून शालूबाई उभी होती. आत पोरी धावत होत्या. शेवटच्या वळणावर गेल्या वेळी दीपी इथंच बसली होती, असं हंबीररावांनी बोट करून दाखवलं होतं. वळण आलं. दीपमाला त्यावरून गेली, ती खाली बसली नाही, तिनं उलट पुढच्या दोघींना मागं टाकलं.

"पळ गं माझे बाये!" शालूबाई इतकी ओरडली की आतल्या शिट्टीवाल्यानं वळून बघितलं. "पळ! भाकरी खाऊन आलीयास, पळ!"

संध्याकाळी मैदानी चाचणीच्या निवडीत दीपमालेचं नाव पुकारलं गेलं. हंबीररावांनी नातीला कडक सलाम ठोकला, आणि मग ते चहाच्या टपरीमागं जाऊन बराच वेळ एकटेच उभे राहिले.

एसटी स्टँडवर सांगलीच्या गाडीची वाट बघताना समोर पुण्याची गाडी लागली.

"आत्या," दीपमाला म्हणाली, "ही खंडाळ्याला थांबती. पट्टी आनलीयास न्हवं? तुझ्या सासरच्यास्नी दावायची हाय म्हनलीवतीस. मी येते संगं."

शालूबाईनं कनवटीचा रुमाल काढून सोडला. पट्टी होती. रेघा फिक्या झाल्या होत्या, पण होत्या. सासू मरून गेली होती, नवऱ्याचा दुसरा संसार मोठा झाला होता. त्या दाराशी जाऊन म्हणायचं एक वाक्य तिनं तीस वर्षं घोकून ठेवलं होतं. भांडी घासताना, खीर ढवळताना, रात्री कूस बदलताना.

"खंडाळा, शिरवळ, पुणे!" कंडक्टरनं दारातून हाळी दिली. "मावशी, येताय का?"

शालूबाईनं त्याच्याकडं मान वर करून बघितलं.

"मी नाटकी न्हवते," ती स्वच्छ आवाजात म्हणाली.

"आं? काय म्हनालात?"

"काय न्हाई रं गड्या," शालूबाई म्हणाली, आणि खळखळून हसली. "तू जा. आमची गाडी दुसरी हाय."